५०४ एमबीची भिंत

जुन्या संगणकात सगळ्यात आधी जाते ती हार्ड डिस्क. प्रोसेसर तीस वर्षांनीही तसाच चालतो, रॅमच्या पट्ट्या बहुधा चालतात, कीबोर्ड उघडून पुसून घेतला की पुन्हा खडखड वाजू लागतो. डिस्क मात्र फिरणारी वस्तू. बेअरिंगमधलं वंगण घट्ट होतं, हेड तबकडीला चिकटून बसतं, मोटर ओढ घेते आणि थांबते. म्हणून ‘जुनं यंत्र चालू करू या’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं काम असतं त्याला नवी डिस्क देण्याचं आणि ती त्याला मान्य करायला लावण्याचं. यातलं दुसरं काम मोठं आहे.

माझ्यापुढचं यंत्र मामांच्या छापखान्यातलं. फोर-एटी-सिक्स डीएक्स-टू प्रोसेसर, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ३४० एमबीची डिस्क. नव्वदीच्या मध्यावर ते पुण्यात नारायण पेठेत आलं आणि छपाईच्या खिळ्यांच्या केसा, म्हणजे सुट्या अक्षरांच्या पेट्या, हळूहळू माळ्यावर गेल्या. त्यावर लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंक लागायचे. मजकूर लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढायचा, त्यावरून प्लेट आणि मग ऑफसेटला. पुढे नवे संगणक आले, हा कापडाखाली गेला. पण त्याच्या डिस्कवर दिवाळी अंकांची पानं होती. छापील प्रतींतल्या काहींना वाळवी लागली होती, काही कुणी नेल्या त्या परत आल्या नाहीत. मामा म्हणाले, “अगं, मशीन राहू दे, अंक निघाले तर बघ.” मी त्यांना सांगितलं की अंक हवे असतील तर मशीन लागेलच. ते का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

त्या काळच्या मराठी फाइलींची गोष्ट वेगळी आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली पक्कं झालं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावलं की डॉसमध्येही देवनागरी उमटायची. जगातल्या लिप्यांसाठी एकच सामायिक मानक असलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही १९९१पासून देवनागरी आहे. पण विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती विंडोज २०००पासून. मधल्या सबंध काळात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं लावण्याचं, जग चाललं ते फॉन्टच्या जोरावर. फॉन्टमध्ये २५६ जागा. त्या जागांवर इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, म्हणजे अर्धा क, काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरांचे घडवलेले खिळे. कोणता तुकडा कोणत्या जागेवर, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. त्यामुळे ती फाइल आजच्या संगणकावर उघडली तर दिसतो तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा राडा. फाइल शाबूत असते, मजकूर दिसत नाही. तो दिसायला तोच फॉन्ट हवा, पानाची रचना हवी असेल तर तेच सॉफ्टवेअर हवं, ते चालायला विंडोज ३.१ किंवा ९५ हवं. आणि आमच्या सॉफ्टवेअरला हवं होतं डोंगल: प्रिंटर पोर्टला मागून लावायचं छोटं कुलूप. ते नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

आज जुन्या संगणकांचे एम्युलेटर उत्तम आहेत. ८६बॉक्ससारखा प्रोग्राम लॅपटॉपच्या आत अख्खा फोर-एटी-सिक्स उभा करतो, बायोससकट (बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम), आणि तो बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण डोंगल खऱ्या पोर्टच्या खऱ्या पिनांवर प्रश्नोत्तरं करतं. त्याला खरं यंत्र लागतं.

सुरुवात डिस्कपासून केली नाही. जुन्या मदरबोर्डावर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती फुटली की तिच्यातला अल्कली आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खात जातो. अशी मशीनं बॅटरीपायीच मेलेली जास्त दिसतात. आमच्या बोर्डावर हिरवा थर नुकताच धरू लागला होता. बॅटरी कापून काढली, जागा व्हिनेगरनं पुसली, मग स्पिरिटनं, आणि बाहेरून वेगळ्या बॅटरीची सोय केली.

मग जुनी डिस्क. ती वाचवायची तर फार वेळा सुरू-बंद करायची नाही. पहिल्यांदा फिरली की त्याच वेळी जितकं निघेल तितकं काढून घ्यायचं. इथे एक अडचण अशी की त्या वयाच्या बऱ्याच डिस्कना डिस्कवरची जागा सांगणाऱ्या पत्त्याची जुनीच पद्धत कळते (ती पुढे सांगते) आणि बाजारात मिळणाऱ्या यूएसबी अडॅप्टरना ती पद्धत येत नाही. म्हणून पेंटियमच्या काळातला आयडीई पोर्ट (त्या काळच्या डिस्कची जोडणी) असलेला बोर्ड घेतला, त्यावर लिनक्स, आणि डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम. तो आधी सोपे भाग उचलतो, अडलेले भाग नोंदवून ठेवतो आणि मागून पुन्हा त्यांच्याकडे येतो. डिस्क मध्येच कण्हायची, थांबायची, पुन्हा फिरायची. बहुतेक सगळं निघालं. त्यानंतर ती पुन्हा फिरली नाही.

आता नवी डिस्क. मी निवडलं कॉम्पॅक्ट फ्लॅश, म्हणजे सीएफ, कार्ड. मोठ्या कॅमेऱ्यांतलं ते चौकोनी कार्ड, लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही जुन्या छायाचित्रकाराच्या बॅगेत सापडतं. ते १९९४ साली सॅनडिस्कनं आणलं, म्हणजे ते आमच्या यंत्राच्याच पिढीचं. या कार्डाला आयडीई भाषा जन्मतःच येते. त्याची ९ नंबरची पिन वीज येताना जमिनीला जोडलेली असली की ते कॅमेऱ्याचं कार्ड राहत नाही, सरळ आयडीई डिस्क होतं. त्यामुळे मधल्या अडॅप्टरमध्ये डोकं असं काही नसतं, एका बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूला नेऊन जोडलेल्या असतात, एवढंच. एसडी कार्डाला मध्ये भाषांतर करणारी चिप लागते आणि त्या चिपचं जुन्या बोर्डाशी जमेल की नाही हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. आजही औद्योगिक यंत्रांसाठी सीएफ कार्डं बनतात. वापरलेल्या कार्डापेक्षा ती घेतलेली बरी.

४ जीबीचं कार्ड लावलं, बायोसच्या सेटअपमध्ये टाइप ४७ म्हणजे ‘आकडे तुम्ही सांगा’ हा पर्याय घेतला. इथे ती भिंत येते. बायोसला त्या ४ जीबीतले ५०४ एमबीच दिसतात. त्यापुढचं जग त्याच्यासाठी नसतंच.

या ५०४चा हिशेब मला फार आवडतो, म्हणून इथे जरा थांबते.

डिस्कवरची जागा त्या काळी तीन आकड्यांनी सांगत: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. पेठ, वाडा, खोली असा पत्ता म्हणा. प्रोग्राम हा पत्ता बायोसला सांगतो आणि बायोस तो डिस्कला सांगतो. बायोसनं सिलिंडरसाठी १० बिट ठेवले होते, हेडसाठी ८, सेक्टरसाठी ६. सेक्टर आणि सिलिंडरचे वरचे दोन बिट एकाच आठ बिटांच्या रजिस्टरमध्ये दाटीनं बसवलेले. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि सेक्टर एकपासून मोजतात म्हणून ६३. एक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की होतात साधारण ८.४ जीबी. पुढे आयडीई डिस्का बनवणाऱ्यांनी आपला पत्ता वेगळा आखला: सिलिंडरला १६ बिट, हेडला ४, सेक्टरला ८. त्यांचा गुणाकार जातो १३७ जीबीच्या आसपास. दोघांकडेही जागा मुबलक होती.

पण पत्ता दोघांच्याही चौकटीत बसायला हवा. सिलिंडरमध्ये बायोस आखूड, म्हणून १०२४. हेडमध्ये आयडीई आखूड, म्हणून १६. सेक्टरमध्ये पुन्हा बायोस, म्हणून ६३. प्रत्येक रकान्यात दोघांतला तोकडा घ्यायचा. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ म्हणजे १०,३२,१९२ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट. हीच ती ५०४ एमबी. १०००च्या पटीत मोजणारे हिला ५२८ एमबी म्हणतात, भिंत तीच.

यात चुकलं कोण? मला तरी कुणी दिसत नाही. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १९८३ साली १० एमबीची डिस्क यायची. तिला ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि १७ सेक्टर होते. तिच्या शेजारी बसून १०२४ सिलिंडरांची सोय करणं म्हणजे दूरदृष्टीच होती. डिस्कवाल्यांनी ४ बिट हेडला दिले तेही बरोबर, १६हून जास्त पृष्ठभाग होतील इतक्या तबकड्या एका छोट्या डब्यात कोण घालणार? दोन्ही बाजूंनी नीट विचार केला होता. अडचण जन्माला आली ती दोघांच्या मधल्या जागेत, जिथे कुणाचीच जबाबदारी नव्हती. जुन्या यंत्रांवर काम करताना मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. ‘तेव्हाच्या लोकांना कळत नव्हतं’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. फार कमी जागेत फार विचार करून ठेवलेला असतो त्यांनी, तो वाचायला मात्र सवड काढावी लागते.

भिंतीला वळसे अनेक. ५०४ एमबी मान्य करून तेवढ्यातच राहणं हा पहिला, आणि नुसतं डॉस व विंडोज ३.१ हवं असेल तर तो पुरेसा आहे. दुसरा, त्या काळात डिस्कबरोबर मिळायचे ते डिस्क मॅनेजरसारखे प्रोग्राम. ते डिस्कच्या सुरुवातीला बसून बायोसची जागा घेत. पण एखाद्या दिवशी दुसऱ्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं की सगळा डेटा परका होऊन बसायचा. मला ते नको होतं.

मी घेतला तिसरा, एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस. हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, मुक्त स्रोताचा छोटासा प्रोग्राम. नाव एक्सटीचं असलं तरी फोर-एटी-सिक्सवर तो उत्तम चालतो, मोठी डिस्क ओळखतो आणि पत्त्यांचं भाषांतर स्वतः करतो. तो यंत्रात घालायचा कुठून, याचं उत्तर आयबीएमनंच देऊन ठेवलेलं आहे. बायोस आपल्या तपासण्या आटोपला की मेमरीच्या वरच्या भागात दर २ केबीवर डोकावतो. तिथे ५५ आणि एए (हे सोळाच्या पटीत मोजलेले आकडे) हे दोन बाइट एकापाठोपाठ दिसले की इथे कुणी पाहुणा रॉम, म्हणजे कायमचा लिहिलेला प्रोग्राम असलेली चिप, आहे असं समजतो. तिसरा बाइट लांबी सांगतो. सगळ्या बाइटची बेरीज करून शेवटचे आठ बिट शून्य आले तर रॉम शाबूत, मग बायोस सूत्रं त्याच्या हाती देतो. १९८१च्या पहिल्या पीसीच्या बायोसमध्ये ही सोय नव्हती, २७ ऑक्टोबर १९८२च्या आवृत्तीपासून ती आली. एक्सटीची पहिली हार्ड डिस्कसुद्धा याच दारातून यंत्रात शिरली. आपण आत्ता आणतोय ती नवी डिस्कही त्याच दारातून येते, हे मला फार सुंदर वाटतं.

रॉम बसवायला आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं नेटवर्क कार्ड घेतलं. अशा कार्डांवर २८ पायांचं रिकामं सॉकेट असतं, कार्यालयांतून डिस्क नसलेली मशीनं नेटवर्कवरून सुरू करता यावीत म्हणून ठेवलेलं. बहुतेक कार्डांवर ते जन्मभर रिकामंच राहिलं. जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, बुधवारी किंवा रविवारी चिकाटीनं फिरलं तर अशी कार्डं भंगाराच्या भावात मिळतात. त्यात ८ केबीची २८सी६४ चिप बसवायची, तत्पूर्वी प्रोग्रामरवर तिच्यात बायोस भरायचा आणि कार्डाच्या सेटिंगमध्ये रॉमचा पत्ता चालू करायचा. डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम ईएमएम३८६ वापरणार असाल तर तेवढा पत्ता त्याला वर्ज्य म्हणून सांगून ठेवावा, नाहीतर तो ती जागा रिकामी समजून वापरायला घेऊ शकतो.

यानंतर येतो तो पेच, ज्यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. सीएफ कार्ड लॅपटॉपला लावता येतं, मग तिथेच फॉरमॅट करावं, डॉसच्या फाइली टाकाव्यात आणि जुन्या यंत्रात घालावं, हे कुणालाही सुचेल. पडद्यावर येतं, ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’, किंवा काहीच न येता कर्सर लुकलुकत राहतो. कार्ड परत लॅपटॉपला लावलं की सगळ्या फाइली जागच्या जागी. माणूस चक्रावतो. कारण असं की फॉरमॅट करताना कार्डाच्या सुरुवातीच्या सेक्टरमध्ये त्याचा आकार लिहिला जातो, किती हेड आणि ट्रॅकमागे किती सेक्टर. लॅपटॉप लिहितो २५५ हेड. जुना बायोस तेच कार्ड १६ हेडचं समजून वाचतो. डॉस सुरू होताना त्या लिहिलेल्या आकड्यांवरून पत्ता काढतो, बायोसला तो पत्ता सांगतो, आणि बायोस भलतंच दार उघडतो. म्हणून पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) आणि फॉरमॅट ज्या यंत्रावर कार्ड राहणार त्याच यंत्रावर, त्याच बायोसखाली करायचं. एकदा ते झालं की पुढे फाइली लॅपटॉपवरून कितीही टाका, आकार बदलत नाही. आणि कार्ड कॅमेऱ्यातून आलेलं असेल तर त्याच्या पहिल्या सेक्टरमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम नसण्याची शक्यता मोठी. तिथल्या ५१२ बाइटपैकी ४४६ प्रोग्रामचे, ६४ चार पार्टिशनच्या नोंदींचे आणि शेवटचे दोन पुन्हा तेच, ५५ आणि एए. ते ४४६ बाइट डॉसचा एफडिस्क हा प्रोग्राम एमबीआरच्या (या पहिल्या सेक्टरचं नाव) स्विचसह चालवला की लिहिले जातात. पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करायला विसरू नये.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. मामांच्या कपाटात मूळ फ्लॉप्या होत्या, पण पुण्याच्या पावसाळ्यांनी त्यांच्या चकत्यांवर बुरशी धरलेली. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेडही घाण होतं. त्यामुळे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवला. दिसायला फ्लॉपी ड्राइव्हसारखाच, पण पुढे यूएसबी पोर्ट असतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर घातलं की पेनड्राइव्हवरच्या शेकडो फ्लॉपी-प्रतिमा एका बटणावर बदलता येतात. डॉस ६.२२च्या तीन फ्लॉप्या अशा चढल्या. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर यायचं तेव्हा १३ चकत्या असायच्या, त्यातल्या बहुतेक नेहमीच्या १.४४ऐवजी १.६८ एमबी भरलेल्या. गोटेक त्याही वाचतो, पण इतका मोठा प्रोग्राम कार्डावर आधीच कॉपी करून तिथूनच चढवणं शहाणपणाचं.

मी दोन कार्डं केली आहेत. एकावर डॉस ६.२२ आणि विंडोज ३.१, दुसऱ्यावर विंडोज ९५ची फॅट३२ (फॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) येणारी पुढची आवृत्ती. डॉसच्या फॅट१६ला एका पार्टिशनमध्ये २ जीबीच पेलतात. तेवढं मोठं केलं तर लहानात लहान फाइलही ३२ केबी जागा अडवते. म्हणून डॉसच्या कार्डावर ५१२ एमबीच्या आतली पार्टिशनं पाडली, तिथे हाच आकडा ८ केबीवर येतो. अडॅप्टर मागच्या पट्टीवर बसणारा घेतला, त्यामुळे डबा न उघडता, यंत्र बंद करून, कार्ड बदलता येतं. विंडोज ३.१मध्ये ३२-बिट डिस्क अ‍ॅक्सेस बंद ठेवला, तो ड्रायव्हर जुन्या कंट्रोलरसाठी लिहिलेला आहे. रॅम १६ एमबी केली आणि स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, काढून टाकली. फ्लॅशवर सतत लिहीत राहिलं तर कार्ड झिजतं.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मामा शेजारी होते. रॅमची मोजणी पडद्यावर चढत गेली, पाहुण्या रॉमनं आपली ओळ लिहिली, कार्डाचं नाव आणि आकार दाखवला, मग ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’. डिस्कची घरघर नसल्यामुळे सगळं फार पटकन झालं. मामांना पटलंच नाही. “अगं, हे आमचं मशीन नव्हे, ते इतकं भराभर कधी चालायचं नाही,” म्हणाले. विंडोज उघडलं, डोंगल मागे होतंच, लिपीचं सॉफ्टवेअर सुरू झालं. १९९६च्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका पडद्यावर आली तशी ते खुर्ची ओढून जवळ बसले. मग खूप वेळ आम्ही नुसती पानं उलटत होतो.

तिथून खरं काम सुरू झालं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्राम आहेत आणि ते पुष्कळसं काम नीट करतात. पण देवनागरीच्या जुन्या फाइलीत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमानं नव्हे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. प्रोग्रामला ती उचलून योग्य जागी न्यावी लागते. ‘सूर्य’ साधतो, ‘स्थिती’मध्ये वेलांटी कधी अर्ध्या अक्षरावर अडकते, आणि ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झालेला तर पानागणिक दिसतो. कवितेत अशी चूक राहिली तर ओळच मोडते. रूपांतर बरोबर आहे की नाही हे ठरवायला मूळ पान मूळ रूपात समोर लागतं. फोर-एटी-सिक्सचा पडदा एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, असं वाचणं सुरू आहे. मामांकडे पूर्वी जुळारी असलेले एक काका आहेत, पुढे डीटीपीही तेच करायचे. ते मूळ पान मोठ्यानं वाचतात, विरामचिन्हांसकट, पूर्वी मुद्रितं वाचायचे तसं. मी लॅपटॉपवर सुधारत जाते. मूळ पानावर लेखकाच्या नावात एक चूक निघाली तेव्हा ते म्हणाले, “ही माझीच, तेव्हा नजरेतून सुटली होती.” ती आम्ही तशीच ठेवली आणि तळटीप दिली.

कार्डांच्या अख्ख्या प्रतिमा काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. डिस्कमधून निघालेल्या मूळ प्रतिमेला मात्र कुणीही हात लावायचा नाही असं ठरवलंय. न वाचलेल्या सेक्टरांची नोंद तिच्या शेजारीच आहे. १९९५च्या अंकाची काही पानं उघडतात, पण त्यातल्या शीर्षकांचा फॉन्ट आमच्या प्रतीत नाही. तिथे नुसते चौकोन दिसतात. काकांच्या आठवणीप्रमाणे तो सुलेखनाच्या वळणाचा होता आणि एका वेगळ्या फ्लॉपीवर आला होता, लेबल पिवळं. नारायण, शनिवार, सदाशिव पेठांतल्या छापखान्यांत नव्वदीत काम केलेल्या कुणाच्या घरी जुन्या फ्लॉप्यांची डबी असेल तर ती टाकून देऊ नका, बुरशी धरलेली असली तरी. ड्राइव्हमध्येही घालू नका. मला कळवा, मी येऊन बघेन.